स्पेलिंग कानाने की प्रत्ययाने?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात खासगी बाजार आहे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० मध्ये इथे पडला, त्या तळाचं शहर झालं आणि मराठी घरं इथे रुजली. आज या घरांतली मुलं तीन भाषांत वाढतात. घरात मराठी, गल्लीत आणि मित्रांत हिंदी, पुस्तकात इंग्रजी. पहिल्या दोन भाषा देवनागरीतून येतात, तिसरी रोमन लिपीतून. या तिसऱ्या भाषेत मूल अडतं ते बहुतेक वेळा शब्दाच्या शेवटी. ‘रिस्पॉन्सिबल’मध्ये ए की आय, ‘ब्युटिफुल’च्या शेवटी एल एक की दोन, ‘पॉप्युलर’च्या शेवटी ई-आर की ए-आर, असे ते प्रश्न असतात. यातले बरेचसे शब्द विशेषणं आहेत आणि अडचण त्यांच्या प्रत्ययात आहे. त्यावर उपाय कोणता, याबद्दल शिकवणाऱ्यांत सरळ दोन तट आहेत. शब्द घोकून घ्यावेत असं एक तट म्हणतो, प्रत्यय समजावून द्यावेत असं दुसरा म्हणतो. जुन्या शास्त्रचर्चेच्या रीतीने हा वाद इथे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष असा मांडतो. उत्तरपक्ष माझा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. पूर्वपक्षही लेचापेचा नाही. वर्षानुवर्षं वर्ग सांभाळणारी माणसं तो मांडतात आणि त्यांच्या म्हणण्यात बरंच तथ्य असतं.

पूर्वपक्ष: अहो, मराठी आणि हिंदी जशी बोलतो तशी लिहितो. इंग्रजीचं तसं नाही. तिथे कानावर येतं एक आणि कागदावर उतरवायचं दुसरंच. ‘एबल’ आणि ‘इबल’ आपल्या तोंडून सारखेच निघतात, मग मुलाने काय ऐकून लिहायचं? नियम सांगावा तर दर नियमामागे अपवादांची रांग. त्यापेक्षा शब्द दहा वेळा लिहायला लावा, हाताला वळण पडतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्यांनी शब्दार्थ घोकले, वाक्यं घोकली आणि चांगलं इंग्रजी लिहिलं. प्रत्ययांचं शास्त्र त्यांना कुणी सांगितलं होतं?

उत्तरपक्ष: तुमच्या पहिल्याच वाक्यापाशी थांबूया, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे. मराठी आपण बोलतो तशी लिहितो, हे पूर्ण खरं नाही. ‘सामाजिक’मधली वेलांटी ह्रस्व आणि ‘भारतीय’मधली दीर्घ, हा फरक रोजच्या बोलण्यात किती जणांच्या कानाला पडतो? तरीही शिकलेला माणूस ‘सामाजीक’ लिहीत नाही आणि ‘भारतिय’ दिसलं तर त्याला खटकतं. त्याने हे कानाने ठरवलेलं नसतं. ‘इक’ हा प्रत्यय ह्रस्व आणि ‘ईय’ हा दीर्घ, एवढं त्याला माहीत असतं, मग नाव येवो न येवो. या एका माहितीवर तो वार्षिक, दैनिक, औद्योगिक, भौगोलिक, ऐतिहासिक हे शब्द आणि राष्ट्रीय, स्थानीय, प्रांतीय हे शब्द न घोकता बरोबर लिहितो. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र सरकारने १९६२ मध्ये स्वीकारले, तेव्हाही संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळाप्रमाणे लिहावेत, हे तत्त्व कायम राहिलं. म्हणजे उच्चाराला बाजूला सारून घडणीला मान देण्याची सवय आपल्या लेखनात आधीपासून आहे. इंग्रजी स्पेलिंग तेच करतं, फक्त अधिक प्रमाणात. तेव्हा मराठी मुलासाठी ही परकी रीत नाही. ओळखीची रीत परक्या लिपीत भेटते आहे, एवढंच.

प्रत्यय शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो, हेही त्याला नवं नाही. ‘धनवान’, ‘गुणवान’, ‘भाग्यवान’, ‘दयावान’ म्हणणारं मूल ‘बुद्धिवान’ न म्हणता ‘बुद्धिमान’ म्हणतं. शक्तिमान, श्रीमान, नीतिमान म्हणतं. प्रत्यय मुळात एकच, ‘मतुप्’. शब्दाच्या अखेरीस अ किंवा आ असला की त्याच्या ‘म’चा ‘व’ होतो, इ किंवा ई असली की ‘म’ राहतो. पाणिनीने हा नियम बांधला, त्यात म-काराच्या आणखी काही बारकाव्यांचीही सोय केली. फारसीतून आलेल्या शब्दांतही असंच आहे. सरकार–सरकारी, शहर–शहरी, कागद–कागदी इथे नुसता ‘ई’ लागतो. पण रवाना–रवानगी, परवाना–परवानगी, खाना–खानगी इथे ‘गी’ येतो, कारण मूळ फारसी शब्दाच्या शेवटी अनुच्चारित ‘ह’ आहे, ज्याचा आपण ‘आ’ केला. ‘खासगी’ हा शब्दही याच रांगेतला. खासगी बाजारात राहणारं मूल रोज आपल्या पत्त्यात असा प्रत्यय लिहितं.

आता लॅटिनकडे बघा. तिथे विशेषण करणारा प्रत्यय ‘आलिस’. त्याचा इंग्रजीत ए-एल झाला: नॅचरल, सेंट्रल, नॅशनल, पर्सनल. पण ज्या शब्दात ‘ल’ आधीच जवळ होता, तिथे दोन ‘ल’ पाठोपाठ म्हणणं रोमन जिभेला जड गेलं आणि प्रत्ययाच्या ‘ल’चा ‘र’ झाला. म्हणून सोलर, पोलर, रेग्युलर, सर्क्युलर, पॉप्युलर, सिंग्युलर, मस्क्युलर, सिमिलर. या सगळ्यांच्या शेवटी ए-आर आहे, कारण हा ए-आर म्हणजे वेष बदललेला ए-एल आहे. मध्ये ‘र’ आला की अडचण सरते आणि ‘ल’ परत येतो: फ्लोरल, प्लुरल, लिबरल, लॅटरल. मूल ‘पॉप्युलर’च्या शेवटी ई-आर लिहितं ते ‘टीचर’ आणि ‘स्मॉलर’च्या ओळखीने. त्याला एवढंच सांगायचं की ई-आर करणाऱ्याचा आणि तुलनेचा. ‘ल’ला टेकून आलेल्या विशेषणाचा ए-आर. ‘स्मॉलर’मधून ई-आर काढला तर ‘स्मॉल’ शाबूत उरतो. ‘पॉप्युलर’मधून काढून बघा, उरलेला तुकडा इंग्रजीत एकटा चालत नाही. ‘वान’ आणि ‘मान’ ज्या कारणाने वेगळे, त्याच जातीच्या कारणाने ‘अल’ आणि ‘अर’ वेगळे आहेत. हे एकदा कळलेलं मूल पुढच्या वर्गात ‘मॉलिक्युलर’ आणि ‘रेक्टँग्युलर’ पहिल्यांदा भेटले तरी बरोबर लिहील. घोकणाऱ्याला ते दोन शब्द नव्याने घोकावे लागतील. तर्खडकरांच्या पाठमालेबद्दलही एक सांगतो. तिने मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवून शिकवलं, म्हणजे मुलाच्या स्वतःच्या भाषेचा हात धरून शिकवलं. मी प्रत्ययांच्या बाबतीत तेच मागतो आहे.

पूर्वपक्ष: पण ‘लोकल’, ‘लीगल’, ‘ग्लोबल’ यांचं काय? तिन्हींत ‘ल’ आहे आणि तिन्हींच्या शेवटी ए-एल. तुमचा नियम तीन रोजच्या शब्दांपुढे लंगडा पडला. आणि ज्याने मुलं खरी रडकुंडीला येतात त्या एबल-इबलला तुम्ही अजून हातही लावलेला नाही.

उत्तरपक्ष: हे तीन शब्द नियमात बसत नाहीत, मान्य. त्यांच्यात ‘ल’ आणि प्रत्यय यांच्यामध्ये दुसरं व्यंजन आलं आहे. प्रत्ययाला अगदी लागून ‘ल’ असेल तिथे मात्र नियम फार क्वचित दगा देतो, आणि मुलाला एवढाच भाग शिकवायचा. कोणत्याही भाषेत नियमाची किंमत तो किती शब्द वाचवतो यावर ठरते. अपवाद निघाला म्हणून नियम टाकायचा तर मराठी व्याकरणाचंही पहिलं पान टाकावं लागेल.

एबल-इबलचा गुंता मात्र सावकाश सोडवायला हवा, कारण इथे मुलाच्या हाती खूप काही लागतं. लॅटिनमध्ये क्रियापदांचे गट होते. एका गटातून ‘आबिलिस’ निघालं, बाकीच्यांतून ‘इबिलिस’. इंग्रजीने दोन्ही घेतले, पण पुढे दोघांचं नशीब वेगळं झालं. ए-बी-एल-ई हा जिवंत राहिला, कोणत्याही क्रियापदाला तो आजही लागतो: वॉशेबल, रिचार्जेबल, डाउनलोडेबल. आय-बी-एल-ई गोठला, त्याचे जुने शब्द तेवढे चालतात. मराठीत नेमकी हीच जोडी आहे. ‘जोगा’ जिवंत आहे: वाचण्याजोगं पुस्तक, बघण्याजोगा किल्ला, डाउनलोड करण्याजोगी फाइल. ‘नीय’ ठरावीक शब्दांवर बसून राहिला आहे: वाचनीय, प्रेक्षणीय, स्मरणीय, विश्वसनीय. ‘डाउनलोडनीय’ कुणी म्हणत नाही. तर मुलाला पहिली गोष्ट सांगायची ती अशी: शंका आली तर ए-बी-एल-ई लिही, कारण जिवंत प्रत्ययाचे शब्द फार जास्त आहेत आणि उद्याचा प्रत्येक नवा शब्द त्याच रांगेत जाणार आहे.

दुसरी गोष्ट, प्रत्यय काढून बघायचा. ‘रीडेबल’, ‘अॅक्सेप्टेबल’, ‘कम्फर्टेबल’, ‘अॅडॅप्टेबल’ यांतून प्रत्यय काढला तर अख्खा इंग्रजी शब्द उरतो. ‘व्हिजिबल’, ‘एडिबल’, ‘पॉसिबल’, ‘हॉरिबल’, ‘लेजिबल’ यांतून काढला तर एकटा न चालणारा तुकडा उरतो. पहिल्या प्रकाराला ए, दुसऱ्याला आय. तुम्ही लगेच म्हणाल, ‘कॅपेबल’, ‘प्रोबेबल’, ‘ड्युरेबल’ यांतही तुकडाच उरतो आणि तरी त्यांत ए आहे. ‘डायजेस्टिबल’मध्ये अख्खा शब्द उरतो आणि तरी आय. म्हणून तिसरी कसोटी, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोलाची: शब्दाचे नातलग शोधायचे. ‘कॅपेबल’चा नातलग ‘कॅपॅसिटी’, त्यात ए स्पष्ट ऐकू येतो. ‘ड्युरेबल’चा ‘ड्युरेशन’, ‘टॉलरेबल’चा ‘टॉलरेशन’, ‘अॅप्लिकेबल’चा ‘अॅप्लिकेशन’. नातलगाच्या पोटात ‘एशन’ असेल तर विशेषणात ए. उलट ‘व्हिजिबल’चा नातलग ‘व्हिजन’, ‘डायजेस्टिबल’चा ‘डायजेश्चन’, ‘परमिसिबल’चा ‘परमिशन’, ‘रिव्हर्सिबल’चा ‘रिव्हर्शन’. यांत ‘एशन’ नाही, म्हणून आय. ‘प्रेडिक्टेबल’सारखा एखादा शब्द ही कसोटीही चुकवतो, कारण जिवंत ए-बी-एल-ई दुसऱ्याच्या हद्दीत शिरत राहतो. पण कसोटी लावताना मुलाच्या वहीत एका शब्दाऐवजी तीन शब्द आले आणि त्या तिघांचं नातं त्याला दिसलं. जो स्वर विशेषणात पुसट होतो तो नातलगात ठळक असतो, म्हणजे कान अगदीच निरुपयोगी नाही. फक्त तो योग्य शब्दापाशी लावावा लागतो. यापलीकडे ‘रिस्पॉन्सिबल’, ‘सेन्सिबल’, ‘फ्लेक्सिबल’, ‘टेरिबल’ असे काही नित्याचे शब्द उरतात. ते खुशाल पाठ करून घ्या, तिथे माझी आडकाठी नाही.

पूर्वपक्ष: बरं, हे झालं प्रत्ययाचं. पण प्रत्यय लागताना मूळ शब्दाची जी मोडतोड होते तिला काय आधार? ‘फेम’ला ‘अस’ लावताना ई जाते, ‘करेज’ला लावताना राहते. ‘व्हॅल्यू’ची ई जाते, ‘नोटिस’ची राहते. ‘ब्युटी’च्या वायचा आय होतो, ‘प्ले’च्या वायचा होत नाही. ‘फुल’चे दोन एल प्रत्ययात एकच उरतात. हे सगळं एखाद्या मुलाला कारणासकट सांगायला बसलात तर वर्ष त्यातच जाईल.

उत्तरपक्ष: वर्ष जाणार नाही, कारण या सगळ्यामागे कारणं दोन-तीनच आहेत आणि ती देवनागरी वाचणाऱ्याला तर चटकन पटतात. आपल्याकडे ‘क’ आणि ‘स’ वेगळी अक्षरं, ‘ग’ आणि ‘ज’ वेगळी. रोमन लिपीत सी या एका अक्षराला क आणि स दोन्ही कामं, जी या एका अक्षराला ग आणि ज दोन्ही. पुढे ई किंवा आय आला तर बहुधा मऊ उच्चार; ए, ओ, यू आला तर कठोर. आता ‘नोटिसेबल’मधली ई काढा: सीच्या पुढे थेट ए येतो आणि शब्द ‘नोटिकेबल’ असा वाचला जाईल. ‘चेंजेबल’, ‘मॅनेजेबल’, ‘करेजस’ यांतही ई उच्चारासाठी नाही, शेजारच्या जीला ‘ज’ ठेवण्यासाठी उभी आहे. ‘फेम’, ‘व्हॅल्यू’, ‘डिझायर’ यांना अशी राखण नको, म्हणून पुढे स्वर आला की त्यांची ई जाते. वायचं तर याहून सोपं आहे. इंग्रजीत वाय बहुधा शब्दाच्या काठावर राहतो, मध्ये आला की आय होतो: ब्युटिफुल, प्लेंटिफुल, रिलायेबल. ज्याच्या आधी दुसरा स्वर आहे तो वाय त्या स्वराशी जोडलेला असतो, म्हणून हलत नाही: प्लेफुल, एन्जॉयेबल. ‘सनी’ आणि ‘फनी’मध्ये एन दोन, ‘स्टोनी’मध्ये एक, कारण पहिल्या दोघांत आधीचा स्वर आखूड आहे आणि जोडअक्षराशिवाय तो आखूड राहत नाही. राहिला ‘फुल’. स्वतंत्र शब्दाला दोन एल, प्रत्ययाला एक. पुढे ‘ली’ लागून क्रियाविशेषण झालं की एल दोन दिसतात, पण त्यातला एक ‘ली’चा आहे. एवढ्याला आठवडाभराचे तास पुरतात.

पूर्वपक्ष: समजा पटलं. तरी आता हे सगळं कशासाठी? मोबाइल स्वतः स्पेलिंग सुधारतो. शिवाय ही स्पेलिंगं कुण्या शहाण्याने विचार करून ठरवलेली नाहीत. छापखान्यांनी आणि लेखनिकांनी केलेला तो कारभार. त्यात अर्थ शोधत बसायचं कारण काय?

उत्तरपक्ष: कुणा एकाने ठरवलेली नाहीत, हे अगदी बरोबर. इंग्रजीला फ्रेंचसारखी अकादमी कधी नव्हती. पण म्हणून त्यात व्यवस्था नाही, असं म्हणणं चूक आहे. क्रिस्टियन बर्ग आणि मार्क अॅरोनॉफ या दोन भाषाशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात विशेषणांच्या काही प्रत्ययांचा शतकांचा प्रवास तपासला. ‘अस’ असा ऐकू येणारा प्रत्यय जुन्या इंग्रजी लेखनात कितीतरी तऱ्हांनी लिहिला जाई. हळूहळू ओ-यू-एस ही एक तऱ्हा उरली आणि ती विशेषणांना राखून ठेवली गेली. फेमस, नर्व्हस, डेंजरस ही विशेषणं. तशाच आवाजात संपणारी नामं मात्र वेगळी लिहिली जातात, ‘जिनियस’ वेगळं, ‘सर्व्हिस’ वेगळं, ‘मेनेस’ वेगळं. म्हणजे वाचकाला डोळ्यांनीच कळतं की हा शब्द विशेषण आहे. हुकूम कुणाचाही नव्हता, लिहिणाऱ्यांच्या वापरातून ही शिस्त आली. बदलही असेच होत आले. डॉक्टर जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘पब्लिक’च्या शेवटी सीबरोबर के आहे, आज तो नाही. या शिस्तीचा उपयोग दहावी-अकरावीच्या विज्ञानात मूल रोज करतं. ‘म्यूकस’ नाम असेल तर यू-एस. ‘म्यूकस मेम्ब्रेन’, म्हणजे श्लेष्मल आवरण, म्हणताना तोच शब्द विशेषण होतो आणि ओ-यू-एस घेतो. ‘फॉस्फरस’ मूलद्रव्य असेल तर यू-एस, त्याचं आम्ल म्हणताना ओ-यू-एस. ‘कॅलस’ यू-एसने लिहिला तर तळव्याचा घट्टा, ओ-यू-एसने लिहिला तर दगडाच्या काळजाचा माणूस. मोबाइल इथे काय सुधारणार? त्याच्या कोशात दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

वापराच्या चुका तर यंत्राच्या हातून आणखी सुटतात. ग्वाल्हेरचंच उदाहरण घ्या. आपण ‘ऐतिहासिक किल्ला’ म्हणतो आणि ‘ऐतिहासिक कादंबरी’ही म्हणतो, एका विशेषणात भागतं. इंग्रजीत किल्ला ‘हिस्टॉरिक’, कारण तो इतिहासात महत्त्वाचा. कादंबरी ‘हिस्टॉरिकल’, कारण तिचा विषय इतिहास. ‘इकनॉमिक’ धोरण म्हणजे आर्थिक, ‘इकनॉमिकल’ स्कूटर म्हणजे कमी खर्चाची. ग्वाल्हेर घराण्याचं गाणं ‘क्लासिकल’, म्हणजे शास्त्रीय. ‘क्लासिक’ म्हटलं तर नमुनेदार, अव्वल असा दुसरा अर्थ होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला जो दर्जा दिला, तिथे पुन्हा ‘क्लासिकल’, पण मराठीत ‘अभिजात’. एवढ्या बारीक भेदाला नुसता पाठ केलेला एकेक शब्दार्थ पुरत नाही. आणि ‘बोअर्ड’–‘बोरिंग’? ‘बोर हो रहा हूँ’ किंवा ‘बोअर होतंय’ यातली चालू क्रिया मूल इंग्रजीत आणतं, ‘आय अॅम बोरिंग’ म्हणतं आणि नकळत स्वतःलाच कंटाळवाणं ठरवतं. मराठीत हा भेद लख्ख आहे: कंटाळलेला माणूस, कंटाळवाणं भाषण, थकलेला हमाल, थकवणारा चढ. ज्याच्यावर परिणाम झाला त्याला ‘लेला’, जो परिणाम करतो त्याला ‘वाणा’ किंवा ‘णारा’. ‘ई-डी’ आणि ‘आय-एन-जी’ हेच सांगतात. ‘इश’ प्रत्ययाचंही तसंच: ‘रेडिश’ला लालसर, ‘चाइल्डिश’ला पोरकट. ‘इश’ माणसाच्या स्वभावाला लागला की त्यात कमीपणाची छटा येते, हे ‘पोरकट’मधल्या ‘कट’वरून मराठी मुलाला सांगता येतं. हिंदीतल्या एकट्या ‘बचकाना’वर विसंबलेल्या मुलाला ‘लालसर’, ‘पांढरट’, ‘कडवट’ ही सगळी रांग मिळत नाही.

पूर्वपक्ष: इथेच तर खरी अडचण आहे. तुम्ही ज्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून बोलता, ते पुण्यात असेल. ग्वाल्हेरच्या मुलाची मराठी घरापुरती, आणि घरातही आता अर्धी हिंदी. संस्कृत त्याला दोन वर्षांपुरतं. ज्याला ‘मतुप्’ माहीत नाही त्याला ‘मतुप्’वरून लॅटिन शिकवायचं म्हणजे एका अंधारातून दुसऱ्या अंधारात नेण्यासारखं आहे. आणि ज्या घरात संस्कृत कधी नव्हतंच, त्यांच्या मुलांनी काय करायचं?

उत्तरपक्ष: हा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो आणि त्यातला एक भाग मी मान्य करतो. ‘मतुप्’ हे नाव मुलाला सांगण्याची काही गरज नाही, ते शिकवणाऱ्याने जाणावं. मुलासमोर ‘धनवान’ आणि ‘बुद्धिमान’ हे दोन शब्द ठेवावेत, फरक का झाला असेल ते विचारावं. हे शब्द घराण्याच्या शिक्षणावर अवलंबून नाहीत. सामाजिक, भारतीय, बलवान, शक्तिमान, सरकारी, परवानगी हे शब्द कोणत्याही घरातल्या मुलाच्या कानावर असतात. यातले बरेच हिंदी पाठ्यपुस्तकातही आहेत. उलट घोकंपट्टीच घरावर जास्त अवलंबून असते. ज्याच्या घरी संध्याकाळी वही तपासणारं कुणी आहे त्याची दहा वेळा लिहिलेली पानं दुरुस्त होतात, बाकीच्यांची चूकही दहा वेळा घटवली जाते. मराठी पातळ होत चालली आहे, हेही खरं. पण म्हणून तिला इंग्रजीच्या तासातून बाहेर ठेवलं तर ती आणखी पातळ होईल, आणि इंग्रजीलाही त्याचा काही फायदा नाही. ‘कंटाळलेला’ आणि ‘कंटाळवाणा’ हा भेद ज्याला घरात फुकट मिळाला आहे, त्याला तो इंग्रजीसाठी वापरू न देणं म्हणजे हातचं सोडणं आहे. दोन भाषा एकमेकींच्या वाटेत येतात, ही समजूत ग्वाल्हेरने तरी धरू नये. १९६१ मध्ये याच शहरात मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच्या अध्यक्ष कुसुमावती देशपांडे होत्या. संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष, आणि पेशाने इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापक.

पूर्वपक्ष: मग पाठांतर पूर्ण बंद करायचं म्हणता?

उत्तरपक्ष: नाही. पहिल्या चार-पाच इयत्तांत शब्द कमी असतात आणि डोळ्यांना त्यांची ओळख व्हावी लागते. तिथे लिहून लिहूनच शिकावं, नियम सांगू नयेत. तोपर्यंत ‘पॉसिबल’ आणि ‘ब्युटिफुल’ घटवून घ्यावेत. सहावी-सातवीपासून मात्र पुस्तकात विशेषणांची झड लागते, आणि तिथे एकेक शब्द घोकत बसणं मुलाच्या वेळेची नासाडी आहे. खासगी बाजारात आणि लष्करच्या इतर मराठी वस्त्यांत जे शिकवण्या घेतात, त्यांना आणि पालकांनाही माझं मागणं छोटं आहे. मुलाने नवं विशेषण लिहिलं की ते दहा वेळा लिहायला लावू नका. त्याला तीन प्रश्न विचारा: यातला प्रत्यय कोणता, तो काढला तर काय उरतं, आणि याचे नातलग कोण? मग त्याच अर्थाचं मराठी विशेषण त्याला शेजारी लिहू द्या आणि त्यातला प्रत्यय ओळखू द्या. ‘रिलायेबल’शेजारी ‘विश्वसनीय’, ‘रेडिश’शेजारी ‘लालसर’, ‘बोरिंग’शेजारी ‘कंटाळवाणा’. सहामाहीपर्यंत एवढं करून बघा, आणि मग दोन्ही रीतींनी शिकलेल्या मुलांना कधी न पाहिलेले वीस शब्द घाला.